हँडल कुंभिवलीत होतं

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसती वाचत आलेय. पिंपळाखालची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायचं, गालातल्या गालात हसायचं आणि कूस बदलून झोपायचं, असा माझा शिरस्ता. आज स्वतःच लिहायला बसलेय, म्हणजे बघा काय वेळ आलीय.

आधी माझं थोडं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आधीपासूनच असल्या गोष्टींच्या नादाची असणार. आमच्या माहेरी गंडादोरा, अंगारा, उतारा यातलं काही दाराच्या आत आलं नाही. वडील कंडक्टर होते. तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला की ते सरळ उचलून घरी आणायचे आणि आई त्याची चटणी करायची. गल्लीतल्या बायका महिनाभर वाट बघायच्या, यांना काय होतंय म्हणून. काही व्हायचं नाही, फक्त चटणी संपायची. "भूत दिसलं तर आधी चष्मा पूस, मग परत बघ," हे वडिलांचं वाक्य मी त्यांच्या मांडीवर बसून पाठ केलंय. बुद्धवंदना आणि हे वाक्य, एवढंच आमचं घरचं शिक्षण.

सासरही तसंच. भिवपुरी स्टेशनावरून आत, डोंगराच्या बाजूला आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, गाव लहान आहे आणि लोकांची तोंडं मोठी आहेत. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, ऑटो इलेक्ट्रिशियन. कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्याचा गाळा आहे. नव्या गाड्यांच्या वाटेला तो जात नाही. जुन्या गाड्यांची बॅटरी, सेल्फ, डायनामो, वायरिंग हे त्याचं काम. घरी जेवतानासुद्धा तेच. "आज एक गाडी आली, सगळं बदलून झालं होतं बिचाऱ्याचं, आणि नुसती अर्थची वायर ढिली." मी म्हणते, भाजीत मीठ बरोबर आहे का ते सांग आधी.

पण ऐकून ऐकून मलाही यातलं समजायला लागलंय, आणि पुढचं कळायला तुम्हालाही थोडं समजावं लागेल. जुन्या पेट्रोल गाडीला सुरू व्हायला दोन गोष्टी लागतात. एक ठिणगी, तिला बॅटरीतला करंट थोडासाच लागतो. दुसरं म्हणजे कुणीतरी इंजिन फिरवायला लागतं. ते काम सेल्फ, म्हणजे चावीवर चालणारी स्टार्टरची मोटर, करतो आणि सेल्फ बॅटरी नुसता पितो. बॅटरी उतरली की ठिणगीपुरती ताकद असते, सेल्फपुरती नसते. मग एक तर गाडीला धक्का मारायचा, नाहीतर फार जुन्या गाड्यांना पुढून लोखंडी हँडल घालून हाताने इंजिन फिरवायचं. बस, एवढंच शास्त्र आहे.

आमच्या अंगणात तसली एक जुनी पेट्रोल जीप आहे. माझ्या सासऱ्यांची. ते नेरळहून हॉटेलांचा किराणा, गॅस, बर्फ असलं सामान घेऊन माथेरानच्या वेशीपर्यंत जायचे. पुढे गाडीला बंदीच, तिथून सामान घोड्यावर. माझं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, आणि फोटोसुद्धा असा की मान वाकडी करून बघतायत, जणू फोटोवाल्याचं काहीतरी चुकतंय. मिलिंदने वडिलांची आठवण म्हणून जीप विकली नाही. मलाही तिच्यावरच गाडी शिकवली. शिकवताना दोनदा घटस्फोटाची वेळ आली होती, पण ते असो.

ही गोष्ट भातकापणीच्या दिवसांतली. मी खालापूरकडे एका कंपनीत पॅकिंगला जाते, कापणीसाठी रजा टाकली होती. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर रचलेले होते, आणि आमच्याकडे रानडुकरं उतरतात. म्हणून सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी नेहमीचा उद्योग केला. जीपच्या बॅटरीला दोन वायरी लावून खळ्यावर बल्ब पेटवला. ही सासऱ्यांच्या काळापासूनची पद्धत. खळ्यावर लाइट नाही, डुकरं उजेडाला बिचकतात. मिलिंद कितीदा ओरडलाय, "आई, बॅटरी मरते गं." तर त्या म्हणतात, "बॅटरी मेली तर दुसरी आणशील, भात कुठून आणशील?"

बल्ब रात्रभर जळला. सकाळी मिलिंद बाइकने कुंभिवलीला गेला. गावातली माणसं ओढ्यापलीकडच्या शेतांवर कापणीला गेली. पोरांना मी शाळेत धाडलं. वाडीत राहिलो मी, सासूबाई आणि शेजारच्या सुमनकाकी, त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून.

दुपारच्या आधी सासूबाई खळ्यावर भारे हलवायला गेल्या आणि ओरडल्या. मी पळत गेले तर त्या खाली बसलेल्या, पाय धरून. भाऱ्याखालून नाग गेला. मी स्वतः पाहिला, फणा काढून नव्हे, घाईघाईने, जणू त्यालाच उशीर झालाय. घोट्याच्या वर दोन दात उमटले होते.

सुमनकाकी आल्या नि लगेच पदर खोचून म्हणाल्या, "दोरी आण गं, घट्ट बांदू. वर भगत हाय, त्याला हाक घालू."

"दोरी नको, भगत नको," मी म्हटलं. "पाय हलवू देऊ नका. कर्जतला न्यायचंय, लस टोचायला."

"आगं पन भगतानं किती जन उठवलेत."

"काकी, माझी सासू आहे, मी ठरवणार." मला नंतर या शब्दांचं वाईट वाटलं, पण तेव्हा वेळ नव्हता.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, त्याला सोडून येतेच म्हणाले, पण वेळ लागणार होता. वाडीत त्या वेळी दुसरी चाकं नव्हती. आम्ही दोघींनी सासूबाईंना उचलून जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं. सुमनकाकींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढे बसले, चोक ओढला, चावी फिरवली.

टिक.

परत फिरवली. परत टिक. तेव्हा खळ्यावरचा बल्ब आठवला.

मिलिंदला फोन लावला. त्याच्या आईला नाग चावलाय हे सांगितलं. मग त्याचा आवाज एकदम गिऱ्हाइकाशी बोलतो तसा झाला. तो घाबरला की असाच होतो.

"हॉर्न वाजतो?"

"बारीक वाजतोय."

"हेडलाइट लाव. चावी फिरवल्यावर मंद होतात की विझतात?"

"विझतातच."

"बल्बच्या वायरी काढ आधी. टर्मिनल हलवून बघ, पांढरं चढलं असेल तर चावीनं खरवड. मग सेल्फवर पान्यानं हळू ठोक. जोरात नको."

मी सगळं केलं. बोनेट उघडून वायरी काढल्या, टर्मिनल खरवडलं, गाडीखाली वाकून पाना मारला. पान्याने स्वतःचंच बोट ठेचलं. चावी फिरवली. टिक.

"धक्का मार," तो म्हणाला. "मी निघालोय." फोन कट.

धक्का कसा मारणार? परतीच्या पावसाने अंगण भुसभुशीत झालेलं, चाकं रुतलेली. काकी आणि मी दोघींनी मागून जोर लावला. जीप एक बोटभर हलली आणि परत जागेवर येऊन बसली. मागे वळून पाहिलं तर सासूबाईंच्या पापण्या खाली येत होत्या. मी हाक मारली तर "हं" म्हणाल्या, पण ते "हं" फार जड होतं. झोप नव्हती ती. विष पापण्यांवर आधी चढतं, हे मी ऐकलेलं होतं.

काकी परत मागे जाऊन बसल्या, डोकं मांडीवर घेतलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी चालूवरच होती, गाडी न्यूट्रलला. मला काही सुचेना. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. प्रार्थना केली असं मी म्हणणार नाही, कारण कुणाची करायची ते मला माहीत नाही. एवढंच म्हटलं – कुणीतरी फिरवा हो हे.

पुढून "खट्" असा आवाज आला. लोखंडावर लोखंड बसावं तसा. मला वाटलं, सेल्फमधलंच काहीतरी सुटलं.

आणि मागून सासूबाई बोलल्या. मघाशी ज्यांचं "हं"सुद्धा जड निघत होतं, त्या अगदी स्वच्छ, थोड्या वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या, "अवं, आंगठा. आंगठा बोटांसंगं ठिवा."

मला वाटलं विष डोक्यात गेलं, बरळतायत. मी वळणार एवढ्यात जीपचं नाक खाली दबलं. पुढच्या बंपरवर माणूस ओणवा झाल्यावर दबतं ना, तसं. मग इंजिन फिरलं. घर्रक... घर्रक... सेल्फ असा फिरत नाही हो. सेल्फ एका दमात किंचाळतो. हे सावकाश होतं, श्वास घेऊन घेऊन. तिसऱ्या वेळी इंजिनाने पकडलं आणि जीप थरथरत सुरू झाली.

समोर काच होती, बोनेट होतं, पुढे तुळशीच्या वाफ्यात कोंबडी होती. माणूस नव्हता.

मी विचार केला नाही. गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, चाकं रुतल्या जागेतून एकदाची सुटली आणि आम्ही निघालो. काकी मागून एकदाच म्हणाल्या, "ज्योती, फुडं कोन व्हतं गं?" मी म्हटलं, "काकी, मान धरा नीट." रस्ताभर आम्ही दोघी परत त्यावर बोललो नाही.

कर्जतच्या दवाखान्यात लगेच घेतलं. स्ट्रेचर आलं, डॉक्टर मॅडम धावत आल्या, लस सुरू झाली. मी जीप बाहेर तशीच चालू ठेवून आत गेले होते. वॉचमन मागून आला, "ताई, गाडी बंद करा ना."

"बंद केली तर तुम्ही धक्का मारणार का?"

बिचारा परत गेटवर गेला. मिलिंद येईपर्यंत ती तिथेच धुगधुगत होती.

रात्रीपर्यंत श्वासाची काळजी होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डोळे पूर्ण उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "भारं झाकलं का?" तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. आनंदाने रडतात ते खरं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. त्यांचे आभार मी मानले, नर्सताईंचे मानले, ज्यांच्या शिफ्टला आम्ही आलो त्या सगळ्यांचे मानले. एक आभार शिल्लक राहिले, ते कुणाला द्यायचे कळेना.

व्हरांड्यातच मिलिंदला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो ऐकत होता तो मेकॅनिकसारखाच. बॅटरी थोडी सावरली असेल, वायरी काढल्यावर जरा वेळ गेला ना, सेल्फ अडकला असेल तो सुटला असेल. मीही मान डोलवत होते, मलाही तेच हवं होतं. मग मी सहज म्हटलं, "आई तर बरळायलाच लागल्या होत्या. म्हणे अंगठा बोटांसोबत ठेवा."

मिलिंद तिथल्या बाकावर खाली बसला.

मग सांगितलं. सासरे रोज सकाळी जीप हँडलनेच सुरू करायचे, बॅटरी वाचते म्हणून. हँडल उलटा फटका मारतं कधीकधी. त्याला अंगठा गुंडाळून धरायचा नसतो, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर मोडतो. त्यांचा एकदा मोडला होता, वाकडाच राहिला. तेव्हापासून रोज हँडल मारताना सासूबाई त्यांना टोकायच्या. आणि ते म्हणायचे, "ठिवलाय गं."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी त्या घरात आले तेव्हा हँडल मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

"हँडल कुठंय?" मी विचारलं.

"गाळ्यावर. शटर अडकतं ना, ते उचकटायला वापरतो मी. सकाळीच वापरलं."

म्हणजे हँडल कुंभिवलीत होतं, शटरखाली. तेवढंच नाही. जीपच्या पुढच्या बंपरमधलं भोक, ज्यातून हँडल आत जातं, त्यावर मिलिंदने कधीच नंबर प्लेट ठोकून टाकली होती.

सासूबाई घरी आल्यावर त्याने रीतसर तपासणी केली. त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही, शेवटी बॅटरीवालाच तो. बल्ब तसाच रात्रभर खळ्यावर जाळला. सकाळी चावी फिरवली. टिक. थोडा वेळ थांबून फिरवली. टिक. सेल्फ खोलला, त्यातले कार्बनचे ब्रश झिजलेत का बघितले, ठीक होते. परत बसवला, परत टिक. ठिणगी मात्र पडत होती, प्लग काढून मला दाखवली, निळी, बारीक. "बघ," तो म्हणाला, "सगळं होतं. पेट्रोल होतं, ठिणगी होती. फक्त फिरवायला कुणीतरी हवं होतं."

मग त्याने नंबर प्लेटचे स्क्रू सोडवले. गंजून बसलेले, तेल टाकून टाकून निघाले. गाळ्यावरून आणलेलं हँडल भोकात सारलं. खट् आवाज आला... तोच. मी अंगणात उभी होते.

आणि घरातून, चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला, "आंगठा!"

मिलिंदचा हात थांबला. मग अंगठा बोटांच्या बाजूला घेऊन म्हणाला, "ठेवलाय गं आई." दोन-तीन फेऱ्यांत जीप सुरू झाली.

मी आत गेले. त्या चहा गाळत होत्या, पायाला अजून पट्टी. म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्ही गाडीत पण हेच बोललात. तुम्हाला कुणी दिसलं का?"

"दिसायला कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "मी काय कवा बगायला जायची? हितं चुलीवर चा असायचा. खट् वाजलं की कळतं, आता हँडल मारनार, मंग सांगायचं. त्यांना सांगितल्याबिगर ध्यान ऱ्हात नाय."

"पण आई, ते..."

"ठावं हाय मला, कवाच गेलेत. मला काय खूळ लागलंय?" मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पन खट् वाजलं ना, ज्योती. न सांगून कसं चालंल? परत मोडला असता."

त्यांनी चहा प्यायला आणि विषय संपवला. सुमनकाकींनी मात्र संपवला नाही, त्यांच्या मते मी भगताला नाही म्हटलं म्हणून सासऱ्यांना स्वतः यावं लागलं. मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही. खरं तर आता माझ्याकडे वाद घालायला काहीच नाही.

मी चष्मा पुसून बघितलाय, वडिलांनी सांगितलं तसा. एकदा नाही, कितीतरी वेळा. कुणाला गाड्यांतलं कळत असेल आणि उतरलेल्या बॅटरीने, सेल्फशिवाय, भोक बंद असताना इंजिन सावकाश कसं फिरतं हे सांगता येत असेल तर खाली कॉमेंटमध्ये जरूर लिहा. मी मनापासून वाचेन, मिलिंद तर माझ्याआधी वाचेल. आमच्याकडे उत्तर नाही. मी देवाधर्माकडे वळलेली नाही, घरात अजूनही लिंबू सरबतापुरतंच येतं.

फक्त एक केलं. हँडल आता गाळ्यावर नाही, जीपमध्ये सीटखाली असतं. नंबर प्लेट बाजूला सरकवून बसवलीय, भोक मोकळं आहे. आणि सासूबाई घरी आल्या त्या संध्याकाळी, अंगणात कुणी नाही असं बघून, मी जीपच्या पुढे जाऊन उभी राहिले. ज्यांना जन्मात हाक मारायची वेळ आली नाही त्यांना काय म्हणायचं, हाच प्रश्न पडला. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. तेच म्हटलं. "मामा, लई उपकार झाले. आई बऱ्या आहेत. भारे पण झाकलेत." मग लाज वाटली, कोंबड्यांना दाणे टाकले आणि आत आले.

शिल्लक राहिलेले आभार असे दिले. पोचले की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.